सातबारा ब्लॉकचेनवर टाकला तर? (आणि आधी, ब्लॉकचेन म्हणजे नक्की काय?)

मधुमालती

नमस्कार मंडळी,

मागच्या रविवारी भाचीच्या मुलाच्या बारशाला गेले होते. पंगतीत जमिनीचा विषय निघाला. आमच्याकडे तो निघतोच, आणि मग कोणीतरी ताटावरून उठतं. आईच्या माहेरची चार एकर शेती आहे. आजोबा १९८६ साली गेले. सातबाऱ्यावर दोन्ही मामांची नावं आहेत, आईचं नाही. कधी गेलं, मुळात लागलं होतं का, हे कोणीच नीट सांगत नाही.

तर आमचा धाकटा भाचा (सॉफ्टवेअरमध्ये आहे) श्रीखंड चाटत म्हणाला, "मावशी, सगळे सातबारे ब्लॉकचेनवर टाकले की हे प्रकारच बंद. एकदा लिहिलं की कोणाचा बाप बदलू शकत नाही." मी विचारलं, ब्लॉकचेन म्हणजे काय रे? त्याने अर्धा तास सांगितलं. मला फक्त "डिसेंट्रलाइज्ड" हा एक शब्द कळला, तोही त्याने वीस वेळा म्हटला म्हणून.

माझे दोन प्रश्न. एक, ही भानगड चालते कशी, कोणी मराठीत सांगेल का? दोन, भाचा म्हणतो ते खरं आहे का? बिटकॉइन घ्यावं का, हे मी विचारत नाहीये. कृपया व्यक्तिगत निरोपात "स्कीम" पाठवू नये.

टवाळभाऊ

आमच्या भागात साखळी म्हटलं की आधी मोटारसायकलवरचे दोघे आठवतात. त्यामुळे चेन सुरक्षित असते, हे पचायला वेळ लागेल.

शब्दवेडा

प्रतिशब्द हवा. "खंडशृंखला" कसा वाटतो?

टवाळभाऊ

तुरुंगातली शिक्षा वाटते.

खटपट्या

मधुमालतीताई, मी या क्षेत्रात सात-आठ वर्षं काम केलंय. प्रयत्न करतो.

जुन्या दुकानदाराची रोजकीर्द पाहिली आहे का? पानाच्या तळाशी बेरीज, शेजारी "पुढील पानावर". पुढच्या पानाच्या डोक्यावर तीच रक्कम, "मागील पानावरून". आता कोणी दहाव्या पानावरचा आकडा गुपचूप बदलला, तर त्याला दहाव्याची बेरीज बदलावी लागेल, मग अकराव्याची, बाराव्याची, थेट आजच्या पानापर्यंत. ब्लॉक म्हणजे पान. चेन म्हणजे हे "मागील पानावरून". कल्पना एवढीच, बाकीचा सगळा तपशील.

शंकासुर

चूक. मी दहाव्या पानावर "गणपतकडून ५००" खोडून "धोंडूकडून ५००" लिहिलं, तर बेरीज तीच राहते. तुमची साखळी झोपलेलीच.

खटपट्या

शंकासुर, हा मुद्दा मी पुढच्या प्रतिसादासाठी राखून ठेवला होता. (नव्हता. पण बरोबर पकडलंत.)

म्हणून तिथे बेरीज नसते, हॅश असतो. हॅश म्हणजे मजकुराचा ठसा. एक ठरलेलं गणित आहे, बिटकॉइनमध्ये त्याचं नाव एसएचए-२५६. त्याला एक ओळ द्या नाहीतर अख्खी ज्ञानेश्वरी द्या, बाहेर ६४ चिन्हांचाच ठसा पडतो. मजकूर तोच असेल तर ठसा दरवेळी तोच. पण एक काना इकडचा तिकडे झाला तरी ठसा पूर्ण वेगळा, आधीच्याशी साम्यसुद्धा नाही. आणि ठशावरून मजकूर परत काढता येत नाही. तेव्हा गणपतचा धोंडू झाला की दहाव्या पानाचा ठसा बदलतो, अकराव्या पानाच्या डोक्यावरचा जुना ठसा जुळत नाही आणि चोरी उघडी पडते.

पण यातून फक्त कळतं, थांबत नाही. वही एकाच माणसाकडे असेल तर तो दहापासून पुढची सगळी पानं निवांत नव्याने लिहील. म्हणून दुसरी युक्ती. भिशी घ्या. बारा बायका, बारा वह्या. दर महिन्याला पैसे जमले की रक्कम मोठ्याने वाचायची आणि प्रत्येकीने आपापल्या वहीत लिहायची. आता एकीने तिच्या वहीत खाडाखोड केली तर उरलेल्या अकरा वह्या तिला खोटं पाडतात.

सोनचाफा

आमच्या भिशीत वही एकच आहे आणि ती जोशीकाकूंकडे असते. तरी एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही, १९९८ पासून.

खटपट्या

सोनचाफा, मग तुम्हाला ब्लॉकचेनची गरज नाही. थट्टा करत नाहीये. या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही लिहिलंत. जोशीकाकू असतील तर साखळी नको.

बँकवाली

अगदी. यूपीआय ही जोशीकाकूंचीच वही. मधे एनपीसीआय बसलेलं आहे, सगळ्या बँका त्याला मानतात. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने महिन्याला १००० कोटी व्यवहारांचा आकडा ओलांडला, म्हणजे सरासरी सेकंदाला जवळजवळ चार हजार. बिटकॉइनच्या साखळीवर सेकंदाला सातेक व्यवहार बसतात. वडापावच्या गाडीवर ब्लॉकचेन लावली तर वडा थंड होईल.

शंकासुर

पण मग बिटकॉइनवाल्यांनी हा द्राविडी प्राणायाम केला कशाला? आणि ते "मायनिंग" म्हणजे काय? कोळसा कुठून आला मधेच?

खटपट्या

भिशीत बाराजणी एकमेकींना ओळखतात. आता अशी भिशी कल्पा की तिथे कोणीच कोणाला ओळखत नाही, कोणीही केव्हाही येतं, आणि एकच बाई वेगवेगळ्या साड्या नेसून पन्नास वह्या घेऊन बसू शकते. मतदान घ्यावं तर तिचीच पन्नास मतं. अशा ठिकाणी पुढचं पान कोणी लिहायचं?

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला, त्यात यावर उत्तर होतं: डोक्यागणिक मत नाही, कष्टागणिक मत. ज्याला पान लिहायचंय त्याने पानाच्या शेवटी एक आकडा असा शोधायचा की पानाचा ठसा ठरावीक इतक्या शून्यांनी सुरू होईल. हा आकडा हिशोबाने काढता येत नाही. एक घालून बघ, दोन घालून बघ, असे अब्जावधी वेळा फासे टाकावे लागतात. ज्याला सापडला त्याचं पान लागतं, आणि बक्षीस म्हणून नवी नाणी त्याला मिळतात. खाण आणि खोदकाम हे त्या बक्षिसामुळे. सुरुवातीला दर पानाला ५० नाणी मिळत, दर २,१०,००० पानांनी ती निम्मी होतात. एप्रिल २०२४ पासून ३.१२५. एकूण २ कोटी १० लाखांच्या वर नाणी कधीच होणार नाहीत.

आणि सगळ्यांनी भारी यंत्रं आणली म्हणून पानं भराभर लागत नाहीत. दर २०१६ पानांनी गणित आपोआप अवघड किंवा सोपं होतं, म्हणजे सरासरी दहा मिनिटांना एक पान हा ठेका टिकतो. जुनं पान बदलायचं तर ते आणि त्यापुढची सगळी पानं पुन्हा त्याच कष्टाने खोदावी लागतात, तीही बाकीचं जग पुढे पळत असताना. म्हणून ते बदलत नाही. नियम आहे म्हणून नाही, परवडत नाही म्हणून.

मधुमालती

खटपट्या, कळलं! म्हणजे पन्नास साड्यांची बाई कळली. भाच्याला आता फोन करते.

पोळलेला

धागा चांगला चाललाय, मधे कडू बोलतो. २०१७ साली एका मित्राने हॉटेलच्या हॉलमध्ये नेलं. महिन्याला दहा टक्के, "कंपनी मायनिंग करते", चहा आणि समोसा. मी अडीच लाख घातले, मेव्हण्याला घालायला लावले. चार महिने आकडे वाढताना दिसत होते, मोबाइलच्या स्क्रीनवर. मग साइट "मेंटेनन्स"ला गेली, ती अजून तिकडेच आहे. त्या हॉलमध्ये मी एकदा विचारलं होतं की ही ब्लॉकचेन बघायला मिळेल का. तर पीपीटी दाखवली. आज वाटतं, खरी साखळी जगाला उघडी असते, ती दाखवायला पीपीटी कशाला लागावी? मेव्हणा दिवाळीला येतो, पण जेवायला थांबत नाही.

टवाळभाऊ

यावर विनोद करत नाही.

द्राक्षवाला

निफाडकडचा शेतकरी. आमच्याकडेही एकजण येऊन गेला, "द्राक्ष ब्लॉकचेनवर आणा, युरोपात भाव मिळेल." त्याला म्हटलं, बाबा, ग्रेपनेट ऐकलंय का? २००३ च्या सुमारास युरोपात आपल्या मालात औषधांचे अंश सापडल्याची बोंब झाली. त्यानंतर अपेडाने (शेतमाल निर्यातीचं बघणारी सरकारी संस्था) ग्रेपनेट काढलं. निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी, फवारणीची नोंद, लॅबचा अहवाल, पॅकहाउस, पॅलेट, सगळं एका जागी. तिकडच्या दुकानातली पेटी इथल्या प्लॉटपर्यंत मागे नेता येते. ब्लॉकचेन नाही, साधा सरकारी डेटाबेस. पंधरा वर्षांहून जास्त चाललाय.

रेवती_उ

द्राक्षवाला +१. वॉलमार्टचा आंब्याचा किस्सा सगळीकडे सांगतात ना: कापलेल्या आंब्याचं पाकीट कोणत्या बागेतून आलं हे शोधायला आधी जवळजवळ सात दिवस लागले, आयबीएमसोबत ब्लॉकचेनवर नेल्यावर २.२ सेकंद. पण तो वेळ कशामुळे वाचला? आधी कागद दहा ठिकाणी होते, नंतर सगळ्यांना एका जागी, एका पद्धतीने लिहायला लावलं. ते लिहायला लावणारा वॉलमार्ट होता. साखळीने काय केलं कोण जाणे.

मी शिपिंगमध्ये होते, त्यामुळे ट्रेडलेन्स जवळून पाहिलं. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये सुरू केलं: कंटेनरची सगळी कागदपत्रं साखळीवर, बंदर, कस्टम्स, वाहतूकदार सगळे एकत्र. तंत्र चाललं. पण स्पर्धक कंपन्यांच्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच: मर्स्कच्या ओटीवर आपली वही का ठेवायची? नोव्हेंबर २०२२ मध्ये गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली नवी ब्लॉकचेन प्रणाली सोडून दिली आणि सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर पाण्यात गेल्याचं मान्य केलं.

शंकासुर

म्हणजे थोडक्यात, कशालाच उपयोग नाही? सट्टा सोडून?

खटपट्या

असं नाही. एक उदाहरण तुमच्या खिशात आहे. आत्ता मोबाइल काढा आणि बँकेचा मेसेज बघा. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर नसतो, दोन अक्षरं, आडवी रेघ आणि बँकेचं लहान नाव असतं. ट्रायने २०१८ साली नियम केला: व्यापारी मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाने आपलं नाव आणि मेसेजचा साचा आधी नोंदवायचा, आणि ही नोंद सगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या सामायिक वहीत राहणार. ती वही म्हणजे ब्लॉकचेनच, तिथे तिला डीएलटी म्हणतात. जिओला एअरटेलच्या वहीवर विश्वास नाही, एअरटेलला जिओच्या. प्रत्येकाकडे आपली प्रत, आणि कोणा एकालाच जोशीकाकू करायचं नव्हतं. इथे ती नीट बसते.

बँकवाली

नीट! ८ मार्च २०२१ आठवतोय का कोणाला? त्या दिवशी साचा तपासून न जुळणारे मेसेज अडवायला सुरुवात झाली आणि देशभर ओटीपी बंद पडले. आमच्या शाखेत लोक ओरडत होते. कंपन्यांनी साचे नीट नोंदवलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ट्रायने ते सात दिवस पुढे ढकललं. साखळीचा दोष नव्हता, मान्य. पण वही कितीही चोख असो, भरणारा आळशी असेल तर ग्राहक काउंटरवर मलाच धरतो.

सोनचाफा

आणि "मॅडम, फ्लॅट घ्या"वाले तरी फोन करतातच. त्यांना कोणती साखळी घालायची?

खटपट्या

ते साध्या दहा आकडी नंबरवरून करतात, म्हणून वहीत येतच नाहीत. दरवाजाला सात कुलपं आणि खिडकी उघडी.

वाटसरू_सातारा

प्रमाणपत्रांचं कोणी बोललं नाही अजून. आपल्या राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने २०२१ मध्ये पदविकांची प्रमाणपत्रं इथेरियमच्या साखळीला (बिटकॉइनसारखीच दुसरी, सगळ्यांना खुली) जोडली. पुढच्या वर्षी गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या अशाच साखळीवर नोंदवायचं काम सुरू झालं. त्यात दाखला साखळीवर ठेवत नाहीत, फक्त त्याचा ठसा ठेवतात. दाखला तपासणाऱ्याने क्यूआर स्कॅन केला की हातातल्या कागदाचा ठसा आणि तिकडचा ठसा जुळतो का ते कळतं.

रेवती_उ

मान्य, पण हे डिजिलॉकरनेही होतं. सरकारचा दाखला खरा आहे का, हे शेवटी सरकारलाच विचारायचं ना?

वाटसरू_सातारा

फरक आहे. डिजिलॉकरमध्ये आतला माणूस नोंद बदलू शकतो की नाही, हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. ठसा एकदा बाहेरच्या साखळीवर पडला की खुद्द देणाऱ्या कार्यालयालाही मागची तारीख घालून नवा दाखला घुसवता येत नाही. मागची तारीख घालणे हा आपल्याकडचा मोठा धंदा आहे. मी नावं घेत नाही.

खटपट्या

वाटसरूंच्या मुद्द्यात खरा जीव आहे, आणि तो बिटकॉइनपेक्षा जुना आहे. स्टुअर्ट हॅबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ साली ठशांची अशीच साखळी मांडली होती, कागदपत्राला तारीख चिकटवण्यासाठी. नाणी नाहीत, खाणी नाहीत. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून काय केलं ऐका. आठवड्याच्या सगळ्या कागदांचा मिळून एक ठसा काढायचा आणि तो न्यू यॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातीत छापायचा, "हरवले, सापडले"च्या सदरात. पेपर लाखो घरांत जातो, ग्रंथालयांत राहतो. आता कोण बदलणार?

टवाळभाऊ

हे आवडलं! तहसील कार्यालयाचा रोजचा ठसा गावच्या पेपरात, "मुलगा हरवला आहे, आईने अंथरूण धरले आहे" आणि "वधू पाहिजे" यांच्या मधोमध.

म्हापशेंकार

गोव्यातून. हा विनोद नाही, आमच्याकडे खरंच उपयोगी पडलं असतं. २०२२ साली जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी एसआयटी नेमली, पुढे निवृत्त न्यायमूर्ती जाधव यांचा आयोग. प्रकार असा: घर नाहीतर जमीन अशी शोधायची की मालक पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये, नाहीतर निर्वंश. मग जुन्या पोर्तुगीजकालीन वाटावे असे विक्रीचे दस्त बनवायचे आणि सरकारी दप्तरात घुसवायचे. मग त्याचीच प्रमाणित नक्कल काढायची, की झालात मालक. पळयात, दप्तर खरं, शिक्का खरा, नक्कल खरी, फक्त आतला कागद खोटा. १९९५ साली प्रत्येक जुन्या बाडाचा ठसा घेऊन पेपरात छापला असता, तर नंतर घातलेलं पान लगेच सापडलं असतं.

शंकासुर

आणि ठसा घ्यायच्या आधीच खोटा कागद आत असेल तर?

म्हापशेंकार

तर तो खोटा कागद कायमचा पवित्र झाला. हो. तीच भीती आहे.

निवृत्त_सर्कल

बराच वेळ वाचतोय. चौतीस वर्षं महसुलात काढली, आधी तलाठी, मग सर्कल. संगणकातलं कळत नाही, पण ताईंच्या मूळ प्रश्नाकडे कोणी वळत नाही म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट. तुम्ही पुसता येणार नाही अशी साखळी म्हणताय, ती महसुलात शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. तिचं नाव गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही. तिच्यात नोंद खोडायची नसते. प्रत्येक बदलाला पुढचा क्रमांक, तारीख, कारण. चुकलं तर नवा फेरफार घालून दुरुस्त करायचं, जुना तिथेच राहतो. सातबाऱ्यावरसुद्धा जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक असतो. त्या क्रमांकांवरून मागे मागे जात राहा, जमिनीचं सगळं चरित्र मिळतं. खटपट्या म्हणतात ते "मागील पानावरून", तेच.

दुसरी गोष्ट. माझ्या नोकरीत मी पानं बदललेली फार थोडी पाहिली. खोटं होतं ते पान लिहिण्याच्या आधी होतं. खातेदार मेला की वारसाचा अर्ज येतो. त्यात मुलगे लिहितात, मुली लिहीत नाहीत. पोलीस पाटील म्हणतो एवढेच वारस. नोटीस चावडीवर लागते, हरकतीला पंधरा दिवस असतात, लग्न होऊन दोन जिल्हे पलीकडे गेलेली मुलगी चावडीवर नोटीस वाचायला कशी येणार? सोळाव्या दिवशी सर्कल सही करतो. मीही केल्या आहेत. तुमची ब्लॉकचेन त्या सहीनंतर सुरू होते.

खटपट्या

सर्कलसाहेब, दंडवत. आमच्या धंद्यात याला नाव आहे, पण ते इथे सांगायची गरज उरली नाही.

शंकासुर

एक भर. "कोणाचा बाप बदलू शकत नाही" हेही पूर्ण खरं नाही. २०१६ मध्ये इथेरियमवर डीएओ नावाचा सामायिक निधी होता, त्याचा करार म्हणजे साखळीवरचा प्रोग्रामच, त्यातल्या चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी ३६ लाख इथर (इथेरियमची नाणी) वळते केले. नियमाप्रमाणे ते त्याचे झाले होते. तरी बहुतेकांनी ठरवलं की हे चालणार नाही, आणि त्या व्यवहाराचा परिणाम उलटवून नवी साखळी सुरू केली. ज्यांना पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले, ती इथेरियम क्लासिक. म्हणजे भावकीच फुटली, दोन चुली झाल्या. पुरेसे बाप एकत्र आले की बदलतं.

सोनचाफा

माझा अडाणी प्रश्न. समजा जमीन ब्लॉकचेनवर आहे आणि तिची ती गुप्त किल्ली का काय ती आजोबांकडे. आजोबा न सांगता गेले. मग?

खटपट्या

बिटकॉइनसारखं शुद्ध रूप घेतलं तर जमीन गेली. तिथे "पासवर्ड विसरलात?" हे बटण नसतं.

सोनचाफा

आमच्या आजोबांनी गोदरेजच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवली होती ते अजून सापडलेलं नाही. नको ती भानगड.

खटपट्या

म्हणून कुठलंच सरकार तसं करणार नाही. जॉर्जिया देशाने २०१६ पासून केलं ते असं: जमिनीची नोंद सरकारकडेच, हुकूम सरकारचाच, फक्त नोंदीचा ठसा बिटकॉइनच्या साखळीवर. म्हणजे न्यू यॉर्क टाइम्सची छोटी जाहिरातच, वेगळ्या कागदावर. मला एवढाच वापर पटतो. मालकी साखळीने ठरवायची नाही, ती आपल्याकडे सातबाऱ्यानेही ठरत नाही.

निवृत्त_सर्कल

बरोबर. सातबारा हा मालकीचा पुरावा नव्हे. उलट सिद्ध होईपर्यंत खरा धरायचा, असं महसूल संहितेचं कलम १५७ म्हणतं. हक्क ठरवायला दिवाणी कोर्ट.

ताई, तुम्ही आधी एक करा. आजच्या सातबाऱ्यावर मामांच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक असेल. त्या फेरफाराची प्रमाणित नक्कल काढा. आजोबा १९८६ ला गेले, म्हणजे ८६-८७ चा असणार. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन ऑनलाइन मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या. आणि "तेव्हा मुलींना हक्क नव्हता" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातसुद्धा मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे. २००५ ची दुरुस्ती पुढची.

मधुमालती

साहेब, फार फार आभार. उद्याच रजा टाकते.

शब्दवेडा

"ठसेमाळ"? ब्लॉकचेनला "ठसेमाळ"?

टवाळभाऊ

हा बरा आहे. लग्नातही चालेल.

मधुमालती

(तीन आठवड्यांनी.) धागा वर काढते आहे, माफ करा.

नक्कल मिळाली. फेरफार १९८७ चा आहे. मी समजत होते की आईचं नाव लिहायचं राहून गेलं असेल. तसं नाहीये. वारसांत तिचं नाव आहे, तिसरं. खाली जबाब आहे की "मी माझा हिस्सा राजीखुशीने दोन्ही भावांच्या नावे सोडत आहे", आणि त्याखाली डाव्या हाताचा अंगठा.

आई १९७४ पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तेरा वर्षं रोज हजेरीपटावर सही करत होती.

भाच्याला फोटो पाठवला. त्याचा अजून काही मेसेज नाही.

खटपट्या

बाप रे.

निवृत्त_सर्कल

ताई, जबाबाच्या पानाचीही प्रमाणित नक्कल घेतली ना? फेरफाराबरोबर आपोआप देत नाहीत, वेगळी मागावी लागते. दुसरं, हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, नुसत्या जबाबावर नाव कमी करायला नको होतं. सब-रजिस्ट्रारकडे त्या काळातला असा दस्त नाही, याचा शोध अहवाल काढून ठेवा. आईंच्या त्या वर्षांतल्या सह्यांचे कागद शाळेतून मिळतात का बघा, सेवापुस्तक असेलच. मग प्रांतांकडे आरटीएस अपील, म्हणजे फेरफार नोंदीविरुद्धचं अपील. मुदत साठ दिवसांची असते, ती केव्हाच गेली, म्हणून उशीर माफीचा अर्ज सोबत जोडा आणि नक्कल कोणत्या तारखेला हाती आली ते त्यात स्पष्ट लिहा. त्याआधी दिवाणीचा चांगला वकील गाठा, हक्काचा दावा तिकडेच आहे.

मधुमालती

जबाबाची घेतली आहे, दोन प्रती. सेवापुस्तक आईकडेच आहे, ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली.